बंड्याच्या अंगाचा वास

आमच्या घरात आजोबांपासून हातमाग होता आणि मी कुत्र्यांचे केस काढते. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली की लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकली. भंडाऱ्यात माझं दुकान विचाराल तर कोणी 'कुत्र्याचं पार्लर' म्हणेल, कोणी 'कुत्र्याची न्हावीण'. दुसरं नाव टोमणा म्हणून पडलं, पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. न्हाव्याचा हात चुकला तर गिऱ्हाईक ओरडतं, माझं गिऱ्हाईक चावतं. दोन्ही हातांवर खुणा आहेत.

सुरुवात बायकांच्या पार्लरपासून झाली. भुवया, मेंदी, नवरीचा मेकअप. कारखान्याच्या वसाहतीतल्या एक बाई नेहमी यायच्या. एकदा त्या आपला कुत्रा काखेत घेऊनच आल्या. "सुमन, माझं होईस्तोवर याचेही केस काप ना." मी कापले. तो अर्धवट सोललेल्या कोंबडीसारखा दिसायला लागला. बाई काही बोलल्या नाहीत, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आमच्या बाबांना मागावर एक धागा वाकडा गेला तर सगळं उसवून पुन्हा विणायची सवय होती, ती खोड माझ्यात आली असावी. नागपुरात स्पर्धेसाठी कुत्री तयार करणारे एक म्हातारे उस्ताद होते. त्यांच्याकडे जाऊन बसले. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. म्हणाले, "बेटा, पहले उंगली सीखो."

त्याचा अर्थ सांगते. टेरियर ही जात मुळात उंदीर-घुशी मारण्यासाठी तयार झालेली. अंगानं लहान, डोक्यानं हट्टी. बिळात तोंड घालायचं, काट्याकुट्यातून घुसायचं, म्हणून त्यातल्या कित्येकांचे केस तारेसारखे राठ असतात. हे केस कापायचे नसतात. केस पिकून मेला की तो मुळाशी सैल होतो. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत थोडेसे धरायचे, वाढीच्या दिशेनं ओढायचे. मेलेला केस सुटून येतो, जिवंत केस जागेवर राहतो आणि कुत्रा डोळे मिटून उभा राहतो. मशीन फिरवलं तर काम लवकर होतं, पण मेलेली मुळं आतच राहतात, नवा केस मऊ आणि फिका येतो. मग पहिल्या पावसात कुत्रा कापडासारखा भिजतो. चिमटीनं एका कुत्र्याला अर्धा दिवस लागतो. संध्याकाळी भाकरी थापताना अंगठा वळत नाही.

सगळ्याच टेरियरांचं असं नसतं. लाखनीचे एक ढाबेवाले त्यांचा यॉर्कशायर टेरियर आणायचे. त्याचे केस माणसासारखे, रेशमी, लांब वाढणारे. त्याला कात्रीच लागते. दर उन्हाळ्यात त्यांचं एकच म्हणणं असे.

"ताई, टक्कल करून टाका याचं. गर्मी होऊन राहिली त्याले."

"तुमाले नाही होत गर्मी?"

"होते ना बाप्पा!"

"मंग डोक्याले हा दुपट्टा कायले बांधला? काढून फेका."

ते दुपट्टा चाचपत बसायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असे दिवस हसण्यात जायचे, आणि या धंद्याबद्दल लिहा म्हटल्यावर खरं तर मी असंच काही लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसले की बंड्याच डोळ्यांपुढे येतो, आणि त्याच्या मागून गभणे काकाजी.

गभणे काकाजी भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे. धानाचा व्यापार, महामार्गाजवळ मोठं घर, घरामागे गोदाम. बायको बऱ्याच आधी गेलेली. एकुलती एक मुलगी स्वाती. ती नागपुरात नोकरीला असताना तिनं हौसेनं फॉक्स टेरियरचं पिल्लू घेतलं. पांढरं अंग, तपकिरी डोकं, पाठीवर काळा डाग, तोंडाला म्हाताऱ्या मास्तरासारखी दाढी. पहिल्यांदा माझ्याकडे तीच घेऊन आली होती. पुढे तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली आणि पिल्लू बापाकडे राहिलं.

काकाजींना आधी त्याचा रागच होता. "हे काय शेळीचं पिल्लू ठेवून गेली पोरगी," असं म्हणायचे. पण एका दुपारी गोदामात पोती हलवत असताना त्या पिल्लानं एक घूस धरली, मानेला झटका दिला आणि काकाजींच्या पायाशी आणून टाकली. त्या दिवसापासून ते त्याला 'कामाचा मानूस' म्हणायला लागले. बंड्या हे नावही त्यांनीच ठेवलं. तोवर त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते स्वातीशिवाय कोणाच्या तोंडात बसलं नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी काकाजी स्कूटीवरून यायचे. बंड्या पुढे पाय ठेवायच्या जागेत उभा, कान वाऱ्यावर. मी काम करायची आणि काकाजी समोर स्टुलावर बसून राहायचे. इतर गिऱ्हाईकं कुत्रा सोडून बाजारात जातात. ते जात नसत. "पाहू द्या ना ताई, बरं वाटते," म्हणायचे. धानाचा भाव, स्वातीची पोरं, पुतण्याचं लग्न, सगळं मला तिथंच कळलं. पुतण्या नितेश त्यांच्याच घरी राहून गोदामाचं काम पाहायचा. त्याच्या लग्नात काकाजी बंड्यालाही तयार करून घेऊन गेले होते.

मग ते यायचे थांबले. मला वाटलं, पुण्याला मुलीकडे गेले असतील. जायचं जायचं म्हणत होतेच.

पावसाळा सरताना एका सकाळी नितेश मोटारसायकलवर आला. मागच्या सीटला बांधलेल्या खोक्यात काहीतरी घाणेरडं गाठोडं होतं. त्यानं ते टेबलावर ठेवलं तेव्हा त्याला डोळे आहेत हे दिसलं.

"बंड्या हाय हा?" मी विचारलं.

"हो. पुरं साफ करून टाका. घरी लहान बाळ हाय, गोचीड झाले याले. बायको मागं लागली का भंडाऱ्याच्या ताईकडंच न्या."

"काकाजी कसे हायेत?"

"लकवा मारला त्याईले. पडून असते." एवढं बोलून तो गेला. संध्याकाळी येतो म्हणाला.

केसांच्या जटा होतात तेव्हा त्या नुसत्या केसांच्या नसतात. त्यात माती, लाळ, कुसळं, सगळं घट्ट बसतं आणि आत कातडी कुजते. बंड्याच्या जटा पोटापासून पाठीपर्यंत एक झाल्या होत्या, ओल्या गोणपाटासारख्या. तिथं चिमटीचं काम नव्हतंच. मशीन घेतलं आणि पोटाखालून हळूहळू एक-एक पट्टा उचलायला लागले. मानेवर दोराची जखम होती, मागच्या पायात अळ्या होत्या. हे सगळं मी या धंद्यात पाहिलेलं आहे. त्यानं मन कडू होतं, पण हात थांबत नाही.

हात थांबला तो वासानं. कुत्र्याच्या अंगाला कुत्र्याचा वास येतो, घाणीचा येतो, मेलेल्या उंदराचा येतो. बंड्याच्या एका कुशीला माणसाच्या लघवीचा वास होता. जुना, पुन्हा पुन्हा भिजून वाळलेला. आणि त्यात मिसळलेला गोडसर, सडका वास. माझी सासू शेवटी आठ महिने अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा पडल्या की खोलीत कसला वास येतो ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या कुशीला तो वास नव्हता. म्हणजे हा कुत्रा रोज त्याच एका बाजूनं कोणाला तरी चिकटून झोपत होता.

मी त्याला औषधाच्या पाण्यानं धुतलं. धुतल्यावर तो एवढासा झाला. बरगड्या मोजता आल्या असत्या. दुकानाच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि नितेश येईपर्यंत बसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी जखमेचं मलम घेऊन शहापूरला गेले. मलम हे निमित्त होतं. नितेश गोदामात होता. दार त्याच्या बायकोनं उघडलं. प्रणाली तिचं नाव. पंचविशीही गाठली नसेल, कडेवर तान्हं मूल, डोळ्यांखाली काळं. मी कोण ते सांगितलं. तिनं 'या' म्हटलं नाही, 'नका येऊ' म्हटलं नाही. नुसती बाजूला झाली.

बंड्या आतून धावत आला, मला हुंगलं आणि परत मागच्या खोलीकडे गेला. मी त्याच्या मागे गेले.

खोलीत पूर्वी बारदानं ठेवत असावेत. एक खाट, तिच्यावर प्लॅस्टिक, त्यावर काकाजी. उजवं अंग गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं, वाचा गेली होती. केस आणि दाढी वाढून एकत्र झालेली, उशीला चिकटलेली. वास कालचाच, फक्त आता सगळ्या खोलीभर. उशाशी पाण्याचा पेला होता आणि वाटीत खिमटी होती. म्हणजे खायला देत होते, तेवढं खोटं बोलता येणार नाही. बंड्या उडी मारून खाटेवर चढला आणि काकाजींच्या डाव्या कुशीत शिरला. त्यांचा डावा हात उठला आणि त्याच्या उघड्या पाठीवरून फिरला. केस कुठे गेले ते शोधत असल्यासारखा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत गेलं.

मी बाहेर आले ती रागानंच. "बाई, काय हाल करून ठेवले हे तुम्ही मानसाचे?"

प्रणाली मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभी होती. तिनं आधी गोदामाकडे पाहिलं.

"तुमचं बरं हाय ताई," ती हळूच म्हणाली. "कुत्र्याचे केस काढले का झालं. मानसाचं कोन करते? माझं पोट फाडलं बाळाच्या वक्ताले. उचलाले गेली तं टाके सुटले. हे म्हनते पुरुषमानसाचं तू करू नोको, अन् हे पन करत नाही."

"मंग स्वातीले सांगाचं ना!"

"हे रोज फोनवर सांगते तिले, मालिशवाला येते, सुधारून राहिले म्हनून. ती घेऊन गेली त्याईले, तं घराले कुलूप लागन. मंग आमी जाऊ कुठं?" तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माझ्याजवळ तिचा नंबर नाही. फोन याईच्याजवळच राह्यते. शेजारी सांगावं, तं सारे याईचेच लोक. मीच मागं लागली का कुत्र्याले ताईकडं न्या, बाळाले गोचीड चावन. काकाजी पयले तुमचं लय सांगत. म्हटलं, कोनी तं पाहीन."

मी एवढंच विचारलं, "स्वातीले सांगू?"

"सांगा. माझं नाव नोका घेऊ."

स्वातीचा नंबर माझ्याकडे होता, बंड्या पिल्लू असल्यापासूनचा. महामार्गावर येऊन ट्रकांच्या आवाजात तिला फोन लावला. तिला आधी वाटलं मी बंड्याबद्दल बोलते आहे. "मेला का?" असं विचारलं तिनं. मी म्हटलं, "तो हाय. तू आजच्या आज नीघ."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली आणि तिथून मला फोन केला. मी गेले तेव्हा नितेश ओसरीवर मान खाली घालून बसला होता. अँब्युलन्स सांगितलेली होती. ती येईपर्यंत स्वाती बापाचे केस विंचरायचा प्रयत्न करत होती. फणी जटेत अडकायची, काकाजींचा चेहरा आवळायचा, ती फणी काढून घ्यायची, पुन्हा लावायची. "असं कसं नेऊ मी बाबाला? असं कसं नेऊ?" एवढंच म्हणत होती.

माझी पिशवी सोबत होती. मी तिला बाजूला केलं.

बायकांचे केस कापले होते, कुत्र्यांचे काढले होते, पुरुषाच्या डोक्याला मी कधी हात लावला नव्हता. पण जट ही जटच असते. मुळाशी दोन बोटं घट्ट धरायची, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, आणि बोटांच्या वरून कात्री चालवायची. मागच्या बाजूला केस जखमेत गेले होते. तिथं कोमट पाण्यात कापड भिजवून ठेवलं, मऊ झाल्यावर एक-एक सोडवला. दाढी कापली. नखं कापली, ती वळून बोटात शिरायला आली होती. काकाजी डोळे मिटून पडून होते. त्यांनी एकदाही तोंड आवळलं नाही. बंड्या खाटेवरून खाली उतरला नाही आणि मीही त्याला उतरवलं नाही. प्रणालीनं न सांगता दोनदा पाणी बदलून आणून दिलं. स्वातीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

सगळं झाल्यावर काकाजींचा चेहरा दिसायला लागला. स्वाती तेव्हा रडली. तोवर रडली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी, सिस्टरांनी करायचं ते सगळं केलं. पण पाठीच्या जखमा हाडापर्यंत गेल्या होत्या, विष रक्तात भिनलं होतं. दिवाळीच्या आत काकाजी गेले. बंड्याला दवाखान्यात नेता येत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे होता. त्यांनी त्याला त्यानंतर पाहिलं नाही. याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं दुसऱ्या कशाचं नाही, पण त्यावर काही उपायही नव्हता.

गावात दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक माझ्याबद्दल: कुत्र्याच्या कात्रीनं हिनं माणसाची दाढी केली. ती मी सोडून दिली. दुसरी प्रणालीबद्दल. सगळं खापर तिच्यावर फुटलं. घरात बाई असताना म्हातारा सडला, असं जो तो म्हणायचा. नितेशला कोणी काही म्हटलं नाही. तो पुरुषमाणूस, त्याला गोदाम पाहायचं होतं. तेरवीच्या दिवशी प्रणाली पंगतीत पाणी वाढायला आली, तर स्वातीनं ताटावर हात आडवा धरला. "तुझ्या हातचं पाणी माझ्या बापाला मिळालं नाही, मला नको." प्रणाली तांब्या घेऊन तशीच पुढच्या पानाकडे गेली. त्या पानावरच्या बाईनंही हात आडवा धरला.

प्रणालीनं नाव घेऊ नका म्हटलं होतं. पण ते पाहून मला राहवलं नाही. जेवणं झाल्यावर मी स्वातीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. बंड्याला माझ्याकडे पाठवण्याची खटपट कोणाची होती, ते टाके, सगळं.

स्वातीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाठवायला कुत्रा सापडला, काकू. एखादा माणूस नाही सापडला तिला?"

तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. आणि प्रणालीच्या जागी असते तर कोणत्या माणसाला पाठवलं असतं, ते मला सांगता येत नाही.

स्वातीनं घर बंद केलं. गोदाम भाड्यानं दिलं. बंड्याला न्यायचं तिच्या मनात होतं, पण तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन लहान मुलं. तो माझ्याकडेच राहिला. केस परत आले, पण मशीन फिरल्यामुळे मऊ आणि फिके. पुढची दोन वर्षं मी चिमटीनं काढत राहिले तेव्हा कुठं जरा राठ झाले. माझ्या घरी घुशी आहेत. त्यानं एकही धरली नाही.

गेल्या उन्हाळ्यात लाखनीला एका गिऱ्हाईकाच्या घरी गेले होते. परतताना महामार्गाच्या कडेला भाजीच्या दुकानांशी थांबले. कांदे तोलणारी बाई ओळखीची वाटली. ती प्रणाली होती. अंगानं वाळलेली, पण हात चपळ. शेजारी पोत्यावर तिचं पोरगं बसून वाटाणे खात होतं. नितेश ट्रकवर जातो म्हणाली, महिना महिना येत नाही. मी शहापूरचं काही काढलं नाही. तिनंही नाही. कांदे पिशवीत ओतताना तिनं खाली पाहतच विचारलं, "बंड्या हाय?"

"हाय. म्हातारा झाला. आनू काय एखाद दिवशी? पोराले खेळाले होईन."

तिनं पिशवी माझ्या हातात दिली.

"नोको ताई," ती म्हणाली. "मी दिसली का तो त्या खोलीकडं जाले पाहीन. इथं कुठं हाय ती खोली?"

मागून एक माणूस टमाट्याचा भाव विचारत होता. तिनं त्याला भाव सांगितला, तराजू पुसला आणि टमाटे तोलायला घेतले.